एका नाण्यावर घोडेस्वार, दुसऱ्या नाण्यावर आई: लिथुएनिया आणि शोशोनी यांची तुलना नेमकी कशाची आहे?

अमेरिकेने 2000 साली एक डॉलरचे सोनेरी नाणे काढले. त्यावर पाठीवर तान्हे मूल घेतलेली, मान वळवून पाहणारी एक तरुण स्त्री आहे. ती सकागाविया, अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर 1805 साली रॉकी पर्वत ओलांडणारी, शोशोनी या आदिवासी जमातीच्या लेम्ही गटातील मुलगी. तिचे चित्र उपलब्ध नसल्यामुळे शिल्पकर्तीने आजच्या शोशोनी-बॅनक समाजातील एका तरुणीच्या चेहऱ्यावरून हे रूप घडवले. लिथुएनियाने 2015 साली युरो स्वीकारला, तेव्हा त्या देशाच्या प्रत्येक नाण्यावर तलवार उगारलेला घोडेस्वार आला. हे लिथुएनियाचे जुने राजचिन्ह आहे.

एका समाजाला दुसऱ्याच्या नाण्यावर चेहरा मिळाला आणि दुसऱ्याने स्वतःच्या नाण्यावर काय असावे हे स्वतः ठरवले. सकागावियाच्या लेम्ही गटाला मात्र त्यांच्या खोऱ्यातून उठवून 1907 साली दूर फोर्ट हॉल येथे नेण्यात आले होते. लिथुएनियन आणि शोशोनी यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना करताना उत्पन्न, आयुर्मान आणि शिक्षण यांचे तक्ते शेजारी मांडले जातात आणि वाचक गोंधळतो. 1990 साली रिकाम्या दुकानांचा देश असलेला लिथुएनिया आज सुखवस्तू कसा, आणि जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या पोटात राहणारा समाज गरीब कसा? या प्रश्नाचे उत्तर नाण्यांपासून फार लांब नाही.

आधी माणसे आणि जागा

लिथुएनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचा देश आहे. लोकसंख्या 28-29 लाख, म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमी. 1918 साली तो स्वतंत्र झाला, 1940 साली सोव्हिएत संघाने गिळला, मधली काही वर्षे जर्मनांच्या ताब्यात गेला, पुन्हा सोव्हिएत झाला आणि 11 मार्च 1990 रोजी त्याने स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित केल्याचे जाहीर केले.

शोशोनी स्वतःला ‘न्यूवे’, म्हणजे माणसे, असे म्हणवतात. वायोमिंग, आयडाहो, युटा, नेव्हाडा आणि कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली एवढ्या प्रचंड, कोरड्या मुलखात ते पसरले होते. आज त्यांची संख्या दहा-पंधरा हजारांच्या घरात आहे आणि तीही एका जागी नाही. पूर्वेकडील शोशोनी वायोमिंगच्या विंड रिव्हरवर अरापाहो या वेगळ्या जमातीबरोबर राहतात, उत्तरेकडील आयडाहोच्या फोर्ट हॉलवर बॅनकांबरोबर, आणि पश्चिमेकडील नेव्हाडात लहान लहान वसाहतींत विखुरलेले आहेत. प्रत्येक ठिकाणची जमात परिषद, म्हणजे निवडून दिलेले स्थानिक सरकार, वेगळी आहे.

विंड रिव्हर आणि फोर्ट हॉल यांना ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात, आणि या शब्दाची गल्लत टाळली पाहिजे. आपल्याकडे रिझर्व्हेशन म्हटले की नोकरी, शिक्षण, फार तर रेल्वेचा डबा आठवतो. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ तहाने किंवा हुकमाने एखाद्या जमातीसाठी राखलेली जमीन असा होतो. या लेखात तिला ‘राखीव मुलूख’ म्हटले आहे.

आकडे कुठे फसवतात

लिथुएनियाचे आकडे सहज सापडतात, कारण तो देश आहे आणि देशाचे स्वतःचे सांख्यिकी खाते असते. 2004 साली युरोपीय संघात गेला तेव्हा तेथील दरडोई उत्पन्न, वस्तूंच्या स्थानिक किमती जमेस धरून, संघाच्या सरासरीच्या सुमारे निम्मे होते. अलीकडच्या वर्षांत ते 85 टक्क्यांच्या पुढे गेले आहे.

शोशोनींचे आकडे असे हाती लागत नाहीत. अमेरिकी आरोग्य खाते बहुतेक वेळा ‘अमेरिकन इंडियन आणि अलास्का नेटिव्ह’ असा एकच रकाना छापते, ज्यात शेकडो जमाती कोंबलेल्या असतात. त्या रकान्याचे 2021 सालचे सरासरी आयुर्मान 65.2 वर्षे होते. सगळ्या अमेरिकेचे 76 आणि लिथुएनियाचे 74 च्या आसपास. कोविडचे वर्ष होते हे खरे, पण ते तिघांसाठीही होते. हा आकडा शोशोनींचाच म्हणून सांगणे म्हणजे महाराष्ट्रातील सर्व आदिवासींच्या सरासरीवरून भामरागडच्या माडियांचे जगणे सांगण्यासारखे आहे. दिशा कळते, अंतर कळत नाही.

शिवाय तुलनेच्या एका पारड्यात देश आहे आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या देशातील समाज. ही अडचण टाळण्यासारखी नाही, उलट तीच या विषयाचा गाभा आहे. 1831 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी जमातीच्या खटल्यात जमातींना ‘देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे’ असे नाव दिले. राष्ट्र तर म्हणायचे, पण पालक नेमून. एरवी मला कायद्याची भाषा रटाळ वाटते. येथे मात्र त्या तीन शब्दांत पुढची दोनशे वर्षे मावली आहेत.

सातबारा कोणाच्या नावावर?

जमिनीपासून सुरुवात करू, कारण दोन्हीकडे मुळात जमीनच हिरावली गेली होती.

1920 च्या दशकात लिथुएनियाने मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी फोडून लहान शेतकऱ्यांना जमिनी दिल्या होत्या. सोव्हिएत राजवटीने 1940 साली त्या राष्ट्रीयीकृत केल्या आणि युद्धानंतर सामूहिक शेतीत ओढल्या. विरोध करणाऱ्यांना आणि केवळ संशय असणाऱ्यांनाही सायबेरियाला धाडले. जून 1941 मधील पहिल्या लाटेत सुमारे 17 हजार माणसे गेली, आणि 1953 पर्यंतची एकूण संख्या लाखाच्या वर जाते. स्वातंत्र्यानंतर 1991 पासून कायद्याने या जमिनी जुन्या मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत देणे सुरू झाले. शेत शहरात राहणाऱ्या नातवाच्या नावावर आले, मोजणीचे वाद वर्षानुवर्षे चालले, पण अखेरीस मालकी नावावर झाली. ती विकता येते, गहाण ठेवता येते, कसायला देता येते.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. युद्धकाळात लिथुएनियातील सुमारे 90 टक्के ज्यू मारले गेले आणि त्यात स्थानिक लोकांचाही हात होता. मालमत्ता परत देण्याचा कायदा नागरिकांपुरता होता, त्यामुळे वाचलेल्या आणि परदेशी गेलेल्या ज्यू कुटुंबांच्या वारसांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. आपली जमीन परत मिळवणारा समाज दुसऱ्याच्या जमिनीबाबत तितका तत्पर नसतो.

आता विंड रिव्हर किंवा फोर्ट हॉल पाहू. 1887 च्या डॉझ कायद्याने सरकारने सामायिक मुलूख तुकडे करून कुटुंबप्रमुखांना, साधारणपणे 160 एकर, वाटला आणि उरलेली ‘जादा’ जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली केली. 1887 साली अमेरिकेतील सर्व जमातींकडे मिळून सुमारे 13.8 कोटी एकर जमीन होती. 1934 साली हे धोरण थांबले तेव्हा 4.8 कोटी एकर उरली होती. विंड रिव्हरचा मोठा भाग 1905 च्या कायद्याने खुला झाला आणि रिव्हर्टन हे गाव तेथेच वसले.

वाटलेल्या तुकड्यांचे पुढे काय झाले हे समजायला मराठी वाचकाला परदेशी उदाहरण लागत नाही. पणजोबांच्या नावाची जमीन, वाटणी झालेली नाही, आणि सातबाऱ्यावर चाळीस नावे. त्यांतील दोन मुंबईत, एक दुबईत, तिघे वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही आणि विहीर खणायची तर एकमत होत नाही. डॉझच्या तुकड्यांचे नेमके हेच झाले, फक्त प्रमाण कितीतरी मोठे. काही ठिकाणी एका तुकड्याला शेकडो सहमालक आहेत. त्यात भर अशी की यांतील पुष्कळ जमीन ‘ट्रस्ट’मध्ये आहे, म्हणजे कागदावर मालक अमेरिकी सरकार आणि लाभार्थी तुम्ही. आपल्याकडील भोगवटादार वर्ग 2 ची जमीन डोळ्यांसमोर आणावी: कसता येते, पण विकायला किंवा गहाण टाकायला सरकारी परवानगी लागते.

परिणाम फोर्ट हॉलवर उघड दिसतो. स्नेक नदीच्या खोऱ्यातील ही सुपीक जमीन, बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेला मुलूख. त्यातील बरीच शेते बाहेरचे बिगर-आदिवासी शेतकरी भाड्याने कसतात. चाळीस सहमालकांच्या वाट्याला भाड्याचे थोडेथोडे डॉलर येतात, आणि ट्रॅक्टर, गोदाम, बाजारपेठ यांची कमाई ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्याकडे जाते.

ही बंधने काढून का टाकत नाहीत, असे कोणी विचारील. उत्तर 1887 नंतरच्या इतिहासातच आहे. विक्रीची मोकळीक मिळाल्यावर कर भरता न आल्याने आणि कर्जापायी असंख्य तुकडे हातचे गेले. आपल्याकडेही आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना सहजी विकता येऊ नये म्हणून कायदा आहे, आणि तो काढावा की ठेवावा यावर आदिवासींमध्येच दोन मते आढळतात. बंधन संरक्षणही करते आणि भांडवलही अडवते.

न घेतलेला मोबदला

पश्चिम शोशोनींची गोष्ट याहून विलक्षण आहे. 1 ऑक्टोबर 1863 रोजी रुबी व्हॅली येथे त्यांनी अमेरिकेशी शांततेचा आणि मैत्रीचा तह केला. त्यात प्रवाशांना वाट, तारयंत्र, खाणी आणि वस्त्या यांना मोकळीक होती. जमीन देऊन टाकल्याचे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते.

1946 साली अमेरिकेने जमातींच्या जुन्या दाव्यांसाठी एक आयोग नेमला. आयोगाला फक्त पैसे देण्याचा अधिकार होता, जमीन परत देण्याचा नव्हता. 1962 साली त्याने ठरवले की पश्चिम शोशोनींची जमीन ‘हळूहळू झालेल्या अतिक्रमणाने’ गेली. कधी गेली? युद्ध नाही, करार नाही, म्हणून सोयीसाठी 1 जुलै 1872 ही तारीख धरण्यात आली आणि त्या दिवशीचा भाव लावला गेला. 2 कोटींहून अधिक एकरांसाठी सुमारे 2.6 कोटी डॉलर, म्हणजे एकरी एका डॉलरहून थोडे जास्त. हा तोच नेव्हाडा आहे जेथून आज अमेरिकेतील बहुतेक सोने निघते आणि जेथे 1951 पासून अणुचाचण्या झाल्या.

शोशोनींनी पैसे घेण्यास नकार दिला. सरकारने ते स्वतःच्याच तिजोरीतील खात्यात त्यांच्या नावाने ठेवले. मेरी आणि कॅरी डॅन या गुरे पाळणाऱ्या दोन बहिणी आपल्या गुरांना चरायला परवाना लागत नाही, कारण जमीन आमचीच आहे, असे म्हणत राहिल्या, तेव्हा सरकारने त्यांना न्यायालयात खेचले. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पैसे सरकारने त्या खात्यात जमा केले म्हणजे जमातीला मिळालेच. धरणाखाली शेत गेलेल्या शेतकऱ्याने मोबदला नाकारला तरी रक्कम कोर्टात जमा झाली की काम पुढे सरकते, हे आपण पाहिलेले आहे. येथे मात्र देणारा, घेणाऱ्याचा पालक आणि खाते सांभाळणारा हे तिघेही एकच होते. व्याजासह ती रक्कम 14 कोटी डॉलरच्या पुढे गेली आणि 2004 साली संसदेने ती वाटण्याचा कायदा केला. तोवर शोशोनींमध्येही फूट पडली होती. म्हातारपणी हाती काही लागावे असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांना दोष देणे बाहेरच्याने करू नये.

याच्या शेजारी एक तारीख ठेवली पाहिजे. 23 जुलै 1940 रोजी याच अमेरिकेने बाल्टिक देशांचे स्वातंत्र्य हिरावणाऱ्या कारवाईचा जाहीर निषेध केला आणि पुढे पन्नास वर्षे लिथुएनियाचे सोव्हिएत विलीनीकरण मान्य केले नाही. लिथुएनियाची वकिलात वॉशिंग्टनमध्ये चालूच राहिली. बळाने घेतलेली जमीन कितीही वर्षे उलटली तरी घेणाऱ्याची होत नाही, हे तत्त्व अमेरिकेला ठाऊक होते. नेव्हाडात तेच तत्त्व लावले तर किंमत स्वतःला मोजावी लागली असती.

कळ कोणाच्या हातात?

जमीन सोडून आता पाणी आणि वीज. फेब्रुवारी 2025 मध्ये लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया यांनी रशियाच्या नियंत्रणाखालील वीजजाळ्यातून बाहेर पडून, पोलंडमार्गे, युरोपच्या जाळ्याशी जोडणी केली. बातमी आपल्याकडे चार ओळींत आली, पण 1990 च्या वसंतात मॉस्कोने तेल आणि वायू तोडून लिथुएनियाची कोंडी केली होती, हे आठवणाऱ्यांना तिचा अर्थ लगेच कळला. हे स्वातंत्र्य निखळ नव्हते. युरोपीय संघात जाण्याची अट म्हणून लिथुएनियाला 2009 अखेर इग्नालिना अणुवीज केंद्र बंद करावे लागले, आणि देशाची सुमारे 70 टक्के वीज तेथून येत असे. पण अट मान्य करायची की नाही हे त्यांनी टेबलावर बसून ठरवले.

विंड रिव्हरच्या जमाती पाण्यासाठी कोर्टात जिंकल्या. 1868 च्या तहाच्या आधाराने त्यांना वर्षाला सुमारे 5 लाख एकर-फूट पाण्यावर सर्वांत जुना हक्क मिळाला. एक एकरावर एक फूट उंच पाणी साठवले तर होते ते एक एकर-फूट. 1989 साली सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. मग जमातींनी ठरवले की त्यातील काही पाणी पाटात न सोडता नदीतच वाहू द्यावे, म्हणजे मासे जगतील. 1992 साली वायोमिंगच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क शेतीसाठी मोजून दिलेला आहे, तो असा बदलता येणार नाही, आणि देखरेख राज्याच्या अभियंत्याकडेच राहील. पाणी तुमचे, पण त्याचे काय करायचे ते आम्ही सांगू.

भाषेचे काय झाले?

लिथुएनियन भाषा मराठी वाचकाला दूरच्या मावशीसारखी वाटेल. अग्नीला उग्निस, धुराला दूमास, स्वप्नाला साप्नास आणि मुलाला सूनुस. संस्कृतात सूनु म्हणजे मुलगाच. झारशाहीने 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षे लॅटिन लिपीत लिथुएनियन छापण्यावर बंदी घातली, तेव्हा सीमेपलीकडील पूर्व प्रशियात पुस्तके छापून शेतकरी ती चोरवाटांनी आणत. त्या काळाचे पेट्रास रिम्शा याने घडवलेले एक छोटे शिल्प प्रसिद्ध आहे: आई चरख्यावर सूत काततेय आणि शेजारी उभे असलेले मूल पुस्तकातून वाचायला शिकतेय. शाळा घरात होती, म्हणून भाषा वाचली.

अमेरिकेने जमातींच्या मुलांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेमके घरातूनच उचलले आणि वसतिगृहाच्या शाळांत घातले, जेथे मातृभाषेत बोलले तर शिक्षा होई. आईकडून मुलाकडे जाणारी वाट तुटली. आज शोशोनी बोलणारे थोडे, आणि त्यांत वयस्कर अधिक. फोर्ट हॉलवर शोशोनी भाषेवर भर देणारी शाळा आहे, आयडाहोच्या विद्यापीठात ती शिकवलीही जाते. पण घरातील भाषा शाळेत शिकणे हे उलट्या बाजूने पोहण्यासारखे आहे.

‘पण त्यांच्याकडे तर कॅसिनो आहेत’

हा आक्षेप हमखास येतो. 1988 च्या कायद्याने जमातींना राखीव मुलखात जुगारगृहे चालवण्याची चौकट मिळाली आणि मोठ्या शहरांलगतच्या काही जमाती खरोखर श्रीमंत झाल्या. फोर्ट हॉलच्या कॅसिनोला महामार्ग जवळ असल्याचा फायदा होतो आणि त्यातून रोजगारही मिळतो. पण नेव्हाडातील पश्चिम शोशोनींना या मुभेचा काय उपयोग? ज्या राज्यात किराणा दुकानातही जुगाराचे यंत्र असते तेथे आणखी एका जुगारगृहाकडे कोण वळेल?

‘लिथुएनियाला युरोपने पैसे दिले, शोशोनींनाही सरकार देतेच’

दोन्ही विधाने खरी आहेत. युरोपीय निधीने लिथुएनियाचे रस्ते, मलनिस्सारण आणि शाळा उभ्या राहिल्या. अमेरिकी सरकारही जमातींच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर खर्च करते; मात्र तो तहांत कबूल केलेल्या देण्याचा भाग आहे, आणि 2018 साली अमेरिकेच्याच नागरी हक्क आयोगाने तो अपुरा असल्याचे नोंदवले. खरा फरक खर्च ठरवणाऱ्या हाताचा आहे. हार्वर्ड विद्यापीठातील स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी 1980 च्या दशकापासून अनेक जमातींचा अभ्यास केला. ज्यांनी निर्णय स्वतःकडे घेतले आणि त्यांना पेलणारी न्यायालये, परिषदा उभ्या केल्या त्या जमाती पुढे गेल्या, असे त्यांना दिसले. केवळ खनिजे किंवा शिक्षण असून भागले नाही.

‘मग लिथुएनियात सगळे आलबेल आहे का?’

नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत होते. अमेरिकेतील आदिवासी समाजांतही ते इतरांहून जास्त आहे. 2009 च्या मंदीत अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे 15 टक्क्यांनी आक्रसली. आणि माणसे निघून गेली: 1990 साली 37 लाख असलेली लोकसंख्या तीस वर्षांत 28 लाखांवर आली. ब्रिटन आणि आयर्लंडमधील गोदामांत, शेतांवर काम करून त्यांनी घरी पैसे पाठवले. कोकणातील चाकरमान्यांच्या गावांना हे चित्र अनोळखी नाही. सरासरी वाढली त्यात जाणाऱ्यांचाही हिशेब आहे. 2019 नंतर मात्र येणारे जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाले.

आकाराचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. लिथुएनिया शोशोनींच्या जवळपास दोनशे पट मोठा आहे, आणि पंधरा हजार माणसांना स्वतःचे वीजजाळे उभारता येणार नाही. पण लिख्टेनश्टाइनची लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात आहे आणि तेथे गरिबी नाही. लहान असणे अडचणीचे आहे. लहान असून अनेक राज्यांत विखुरलेले आणि प्रत्येक तुकड्यावर दुसऱ्याची सही लागणे ही वेगळी गोष्ट आहे.

बेअर नदीकाठचे 550 एकर

29 जानेवारी 1863 रोजी, आजच्या दक्षिण आयडाहोत, कर्नल पॅट्रिक कॉनर यांच्या सैन्याने बेअर नदीकाठी हिवाळी तळ देऊन असलेल्या वायव्य शोशोनींवर पहाटे हल्ला केला. मृतांचे अंदाज 250 पासून 400 च्याही पुढे जातात, त्यात बायका-मुले होती. या गटाकडे पुढे मोठा राखीव मुलूख असा राहिलाच नाही.

2018 साली त्यांनी त्या जागेतील सुमारे 550 एकर खासगी मालकांकडून बाजारभावाने विकत घेतले. तह नाही, आयोग नाही, कोर्टाचा निकाल नाही; साधे खरेदीखत. सध्या तेथे बाहेरून येऊन माजलेली झाडे उपटून स्थानिक झाडे लावण्याचे काम चालू आहे, म्हणजे नदीला पूर्वीसारखे पाणी राहील. उपटल्या जाणाऱ्या झाडांत मुख्य आहे ते रशियन ऑलिव्ह.